उस्मानियाची जुनी इमारत रिकामी पडू देऊ नका

मा. आरोग्यमंत्री, तेलंगणा राज्य यांस,

स. न. वि. वि.

जानेवारी २०२५ मध्ये हैदराबादेत गोशामहलला नव्या उस्मानिया रुग्णालयाची पायाभरणी झाली, याचा मनापासून आनंद आहे. रुग्णांना चांगली जागा मिळायलाच हवी. काळजी आहे ती अफजलगंजमधल्या, मुसी नदीकाठच्या जुन्या इमारतीची.

हे मराठीत लिहिण्याचं कारण म्हणजे १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. नांदेड-परभणीकडच्या जुन्या माणसांना ‘मोठा दवाखाना’ म्हटलं की उस्मानियाच आठवायचा. त्यामुळे या वास्तूबद्दल बोलण्याचा थोडा हक्क आमचाही आहे.

२८ सप्टेंबर १९०८ च्या महापुरात मुसीने हजारो माणसं नेली आणि अफजलगंजच्या जुन्या दवाखान्याचीही वाताहत केली. त्याच्या आवारातल्या चिंचेवर चढून सुमारे दीडशे जण वाचले. त्याच दवाखान्याशी डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या १८८८ आणि १८८९ च्या, भुलीसाठीचा क्लोरोफॉर्म किती सुरक्षित हे तपासणाऱ्या क्लोरोफॉर्म आयोगांचं काम जोडलेलं आहे. पुरानंतर सातव्या निजामाच्या काळात, वास्तुविशारद व्हिन्सेंट एश यांच्या आराखड्यानुसार आजची घुमटांची इमारत उभी राहिली.

जुलै २०२० मध्ये तिच्या वॉर्डांत पावसाचं पाणी शिरलं आणि इमारत रिकामी करावी लागली. तेव्हापासून ‘मोडकळीला आली, पाडा’ हा सूर वाढला. पण पाणी तुंबलं म्हणजे भिंती खचल्या, असं होत नाही. वारसा वास्तूंचं जतन करणाऱ्या ‘इंटॅक’ संस्थेच्या तज्ज्ञांनी पाहणी करून ती दुरुस्त होण्याजोगी असल्याचं सांगितलेलं आहे.

मी दगड-चुन्याच्या जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीत काम केलं आहे, म्हणून तपासणीबद्दल थोडं सविस्तर लिहितो. आरसीसी (सळया घातलेल्या काँक्रीटच्या) इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करतात त्याच पद्धतीने हिला तपासलं, तर निकाल चुकीचा येणार. काँक्रीटची मजबुती अजमावण्याचा हातोडा, म्हणजे रिबाउंड हॅमर, दगडी भिंतीवर आपटून मिळालेल्या आकड्यांना फारसा अर्थ नसतो. इथे आधी पाणी कुठून येतं ते शोधावं लागतं: तुंबलेल्या पन्हळी, गळके नळ, कठड्याच्या सांध्यात रुजलेला पिंपळ. मग प्रत्येक मोठ्या तड्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवून तारीख लिहायची आणि पावसाळ्यासह निदान वर्षभर थांबायचं. काच फुटली, तर तडा अजून हलतो आहे. शाबूत राहिली, तर तो बहुधा जुना आणि स्थिरावलेला आहे. साफ करून चुन्याने भरला की काम झालं. एका दुपारच्या पाहणीत हे कुणालाही कळणार नाही, कितीही मोठी पदवी असो.

दुरुस्तीतही एक चूक हमखास होते. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की आतली ओल बाहेर पडत नाही. ती क्षार घेऊन दुसरीकडून फुटते, पोपडे सुटतात आणि लोक म्हणतात, बघा, इमारत सडली. तेव्हा निविदेतच चुना, सुर्खी (विटांची भुकटी) आणि ते काम येणारे गवंडी यांची अट घाला. सर्वांत कमी दर भरणाऱ्या ठेकेदारावर हे काम सोपवू नका.

मात्र माझी मुख्य विनंती वापराबद्दल आहे. रिकाम्या इमारतीत पन्हळ तुंबली तर सांगायलाही कुणी नसतं. बार्सिलोनातल्या सांत पाऊ रुग्णालयाने २००९ मध्ये रुग्णांना नव्या इमारतीत नेलं. जुन्या दालनांची दुरुस्ती करून २०१४ मध्ये ती लोकांसाठी आणि संस्थांच्या कार्यालयांसाठी खुली केली. उस्मानियातही तळमजल्यावर साधा बाह्यरुग्ण विभाग, वर वैद्यकीय ग्रंथालय आणि हैदराबादच्या वैद्यकीय इतिहासाचं संग्रहालय सहज सामावेल. शस्त्रक्रियागृहं आणि अवजड यंत्रं नव्या जागीच असू द्यावीत.

तरी संवर्धन वास्तुविशारद आणि दगडी बांधकाम जाणणारे अभियंते यांची समिती नेमावी, तिचा अहवाल तेलुगू, उर्दू आणि इंग्रजीत जसाच्या तसा जाहीर करावा, आणि तो येईपर्यंत पाडकामाची कोणतीही परवानगी देऊ नये. पन्हळी साफ करायला आणि छतावरची झाडं मुळासकट काढायला मात्र समितीची वाट पाहू नका. तेवढं काम येत्या पावसाळ्याआधी व्हावं.

आपला नम्र,
मराठवाड्यातील एक नागरिक