डोळे आलेत म्हणून बसलो, निघाला गोवर

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या महिन्यात आमच्या घरी जे झालं ते लिहितेय, जमलं तर छापा.

बहिणीचा मुलगा २२ महिन्यांचा. आधी ताप आला, मग नाक गळायला लागलं, खोकला, आणि डोळे लालभडक, उजेडाकडे बघेचना. आम्ही आपलं ठरवून टाकलं की डोळे आलेत, मेडिकलमधून ड्रॉप आणले आणि तीन दिवस तेच घालत बसलो. चौथ्या दिवशी टोपडं काढताना कानामागे पुरळ दिसलं, संध्याकाळपर्यंत तोंडभर, दुसऱ्या दिवशी पोटावर. तिच्या सासूबाई लगेच म्हणाल्या गोवर आहे, अंगावर नीट निघू दे, आंघोळ घालू नका, दाराला कडुलिंबाचा पाला लावा. नाव त्यांनी डॉक्टरच्या आधी बरोबर ओळखलं हो, पुढचं सगळं चुकलं!

डॉक्टरांनी बॅटरी मारून गालाच्या आत दाखवलं, मीठ चिकटल्यासारखे दोनचार पांढरे ठिपके. हे पुरळाच्या आधीच येतात म्हणे, आम्ही तोंडात बघितलंच नव्हतं. व्हिटॅमिन ए चा डोस दिला, दुसऱ्या दिवशी परत एक. गोवरात डोळे जाऊ शकतात, न्यूमोनिया होतो, जुलाब लागतात, म्हणून श्वास जोरात चालला किंवा पोरगं सुस्त पडलं तर थेट हॉस्पिटल गाठा असं बजावलं.

मग कार्ड मागितलं. ९ महिन्यांचा एमआरचा (गोवर-रुबेला लसीचा) डोस होता, १६ ते २४ महिन्यांचा रकाना कोरा. त्या वेळी गावी होतो, मग घरात लग्न, मग त्याला सर्दी. साध्या सर्दीत लस चालते हे तेव्हा कळलं, आणि एका डोसने सगळ्याच मुलांना पुरेसं संरक्षण मिळत नाही म्हणून तर दुसरा असतो. सरकारी केंद्रात फुकट मिळतो, आमचा फक्त आळस.

पण मला झोप लागत नाही ती वेगळ्याच गोष्टीने. त्या दिवशी दवाखान्यात तासभर बाकावर बसलो होतो, ह्याला मांडीवर घेऊन, आणि शेजारी एक बाई पाचेक महिन्यांच्या बाळाला घेऊन, आम्ही गप्पा पण मारल्या. गोवराचे विषाणू पेशंट उठून गेला तरी दोन तासांपर्यंत हवेत राहतात, पुरळाच्या ४ दिवस आधीपासून नंतर ४ दिवसांपर्यंत लागण होते, आणि एवढ्या लहान बाळाला लस देताच येत नाही. त्या बाईचं नावगाव काही माहीत नाही. म्हणून पुरळ-ताप असेल तर आधी फोन करून जा आणि मुलाला बाहेरच थांबवा, कंपाउंडरने पण दारातच विचारावं.

२०२२ ला गोवंडीत साथ आली तेव्हा पेपरात रोज आकडे होते, साथीच्या भागात ६ महिन्यांच्या पुढच्या बाळांना जादा डोस पण दिला. साथ ओसरली आणि बातम्या पण. तुमच्या पेपरात सोन्याचा भाव रोज येतो, त्याच्याच खाली आठवड्यातून एकदा लसीचं वेळापत्रक छापाल का? चार ओळींची जागा लागेल.

आपली वाचक,
एक मावशी, मुंबई