वाड्याच्या कागदावर सही केली

ग्दान्स्क, पोलंड,
रविवार, सकाळ

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका. मी बरी आहे, वेळेवर जेवते. फोनवर विषय काढला की आई "आमचं चाललंय गं" म्हणते आणि बाबा फोन आईकडे देतात, म्हणून लिहायला बसले.

वाडा पाडून त्याच जागी नवं घर बांधायच्या संमतीपत्रावर मी गुरुवारी सही केली. कागद कुरिअरनं निघालेत. बाबा, तुम्ही म्हणाला होता, "घरांतलं तुला कळतं, तूच ठरव." ते विश्वासानं म्हणालात, की तुमच्या तोंडून 'हो' निघेना म्हणून, हे मी कधीच विचारणार नाही. ठरवलं मी. पेठेत कुणी विचारलं तर सांगा, लेकीनं केलं.

आई, तू माडीच्या जिन्यात पडलीस आणि तीन दिवस बोलली नाहीस. मला ते शेजारच्या काकूंकडून कळलं. भिंतीच्या जाडीत बसवलेला, दोराला धरून चढायचा तो अंधारा जिना. लहानपणी मी त्यात लपायचे आणि तू मुद्दाम मला शोधायला वेळ लावायचीस. त्याच जिन्यात तू पडलीस, हे ऐकल्यापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. त्या संध्याकाळी इथल्या मारियात्स्का गल्लीतून जाऊन सेंट मेरीच्या चर्चमध्ये तुझ्या नावानं मेणबत्ती लावली. देव कुठला ते बघितलं नाही.

या गल्लीचे फोटो मी तुम्हाला पाठवले होते. बाबा, तुम्ही लगेच विचारलं होतं, "प्रत्येक दाराला आपल्यासारखा ओटा आहे की गं?" आहे. दगडी पायऱ्या चढून गेलं की दारापुढं ओटा, त्याला कोरीव दगडी कठडा, आणि पावसाचं पाणी रस्त्यावर सोडायला दगडातली राक्षसाची तोंडं. पाऊस पडला की ती सगळी तोंडं एकदम वाहायला लागतात. आपल्या पन्हाळीखाली मी डोकं धरायचे ते आठवतं.

पण हे सगळं गाव जळालं होतं, हे मी तुम्हाला नीट कधी सांगितलं नाही. मार्च १९४५ मध्ये इथं लढाई झाली आणि जुन्या गावाचा जवळपास ९० टक्के भाग गेला. चर्च बांधायला १३४३ ला सुरुवात झाली आणि १५०२ मध्ये ते पुरं झालं. त्याचंही छप्पर जळालं, आतल्या कमानी कोसळल्या. नदीकाठची मोठी लाकडी यारी तुम्हाला फार आवडली होती ना, १४४० च्या दशकातली, जिच्या चाकात बैलांऐवजी माणसं चालून जहाजावर माल चढवायची? तीही जळाली, भिंती तेवढ्या राहिल्या. आज दिसते ती पुन्हा उभी केलेली.

युद्धानंतर इथं वाद झाला. पडलेलं तसंच ठेवा, असं काहींचं म्हणणं. नवं शहर बांधा, असं काहींचं. शेवटी गाव होतं त्या जागी, होतं त्या रूपात उभारायचं ठरलं, पण कामगारांना राहायला म्हणून. रस्त्यावरची बाजू जुन्या चित्रांवरून, फोटोंवरून हुबेहूब केली. ढिगाऱ्यात सापडलेले चौकटीचे, नक्षीचे दगड निवडून परत बसवले. आत मात्र साधे फ्लॅट. बाहेरून तीन घरं दिसतात, आत जिना एकच. पूर्वी ही घरं आपल्या वाड्यासारखी अरुंद आणि खोल होती, मागं एकाला एक लागून खोल्या आणि उजेड कुठंच नाही. त्या मागच्या खोल्या पुन्हा बांधल्याच नाहीत. तिथं मोकळी जागा ठेवली, झाडं लावली. मी राहते ते असंच घर. माझ्या स्वयंपाकघरातून लिंडेनचं झाड दिसतं आणि खालच्या बाकावर रोज दोन आज्या बसतात. त्यांच्याकडं बघून मला फार वेळा वाटलं, घर म्हणजे या दोघी बसल्यात ते.

आता तुम्ही म्हणाल, तिथं युद्धानं पाडलं, आपण आपल्या हातानं पाडतोय. होय बाबा. हे मला कळतं. सही करताना हेच मनात होतं. मी दुरुस्तीचा हिशोबही मांडला, तीनदा मांडला. २०१९ च्या पुरात परड्याकडची भिंत जी भिजली ती अजून आतून कोरडी नाही. दोन तुळयांना वाळवी आहे. तुम्ही म्हणता एका, पण मी गेल्या वेळी टोचून बघितलं, दोन आहेत. काकांच्या बाजूचे खण बंद पडल्यापासून तिकडचं कौल कुणी परतत नाही आणि पाणी आपल्या सोप्यात येतं. काकांबद्दल मी काही म्हणत नाही, त्यांनीही शेवटी सही केलीच. सगळं दुरुस्त केलं तरी जिना तोच राहिला असता, न्हाणी परड्यातच राहिली असती, आणि रात्री अंधारात आई तिकडं जातच राहिली असती.

आता नव्या घराचं ऐका. आपल्याच जागेवर, पहिला मजला, पूर्वेची बाजू. खाली फक्त गाड्या, म्हणजे पंचगंगा आली तरी घरात येणार नाही. लिफ्टला जनरेटर आहे, मी लेखी घेतलंय. बाथरूमला उंबरा नाही, धरायला भिंतीत दांडा, कमोड उंच. आई, स्वयंपाकाचा ओटा तुझ्या मापानं दोन इंच खाली घ्यायला लावलाय, पाटावर उभं राहायला नको. तुळशीसाठी बाल्कनीत ऊन येतं, सकाळी नऊपर्यंत तरी नक्की. झोपाळ्याच्या कड्यांसाठी स्लॅबमध्ये आत्ताच हुक सोडायला सांगितलेत. मधली दोन वर्षं भाड्याचं घरही पेठेतच बघितलंय, तळमजल्यावर. म्हणजे बाबांचं गंगावेशीतलं दूध आणि तिथल्या गप्पा चुकणार नाहीत.

आणि सगळं जाणार नाही. सोप्यातले चारही सागवानी खांब, दाराची चौकट कडी-कोयंड्यासकट, आजीचं जातं आणि जोत्याच्या पहिल्या पायरीचा दगड उतरवून ठेवायचा, हे करारात लिहून घेतलंय. झिजून खळगा पडलेला तो दगड. आजी त्याच्यावर बसून आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीतल्या पोलिश बायकांच्या गोष्टी सांगायची. युद्धात घर-गाव सगळं मागं राहिलेली ती बायका-पोरं १९४३ पासून पाच वर्षं आपल्याकडं राहिली. आजीला वाटायचं, त्या फार लांबून आल्या. आता तिची नात त्यांच्या देशात बसून तिचाच दगड जपायला सांगतेय. नव्या दारापुढं तोच बसवू. बाबा, तुम्ही संध्याकाळी तिथंच बसा.

दिवाळीआधी तीन आठवडे येते. वाड्याचं खणन्‌खण मोजायचं, काढायचं, फोटो घ्यायचे. बाबांनी टेपचं दुसरं टोक धरायचं, पूर्वी मी धरायची तसं. तेव्हा तुम्हाला रागवायचं असेल तर रागवा, मी ऐकून घेईन.

तोवर नीट वाचा. आई, माडीवर जायचं नाही. पापड, गाद्या, काहीही असो, राहू दे वर. रात्री पडवीतला दिवा चालू ठेवायचा, बिल मी भरते. गुडघ्याचा फोटो अजून काढलेला नाही. मंगळवारी काढायचा आणि मला पाठवायचा. बाबा, बीपीची गोळी सकाळची सकाळीच, चहाबरोबर. "विसरलो" चालणार नाही. वाळवीच्या तुळईखाली खुर्ची टाकून पेपर वाचता ते आजपासून बंद. खुर्ची देवडीत न्या. आणि माळ्यावरची तांब्याची घागर काढायला कुणी चढू नका, ती मी आले की काढू.

तुमची,
बाळी

ता. क. कुरिअरवाला आला की सही आईनं करावी. बाबांनी नको.