मुरूम सगळ्यात शेवटी

चि. केदार,
अनेक आशीर्वाद.

खडीकरणाचं काम तुझ्याकडे आलंय, तर थोडं मूळापासून सांगते. तुमच्या डब्ल्यूबीएममधला, म्हणजे ‘वॉटर बाउंड मॅकॅडम’ या पाणी मारून दाबलेल्या खडीच्या थरातला, मॅकॅडम म्हणजे स्कॉटलंडच्या एअर गावचा जॉन लाउडन मॅकॅडम (1756–1836). त्याच्याच देशाचा थॉमस टेलफर्ड रस्त्याच्या बुडाशी मोठे दगड हाताने रचून घ्यायचा. काम पक्कं, पण खर्च दांडगा. मॅकॅडमने ते सोलिंगच काढून टाकलं. भार शेवटी जमीनच पेलते, तिला कोरडी ठेवा, एवढंच त्याचं म्हणणं. रस्ता आजूबाजूपेक्षा उंच, 30 फूट रुंदीला मधोमध जेमतेम 3 इंच उठाव, वर 10 इंच फोडलेली खडी. सहा औंसांहून, म्हणजे साधारण 170 ग्रॅमहून जड दगड चालायचा नाही, आणि माती अजिबात नाही. दगड गाडीच्या चाकावरच्या लोखंडी धावेच्या रुंदीपेक्षा लहान असला की चाक तो उचकटत नाही, दाबून बसवतं.

तुझी 63 ते 45 मिमीची खडी सैल 10 सेंमी पसरली की दबून साडेसात होते. रोलर कडेकडून मधे घ्यायचा. मधून सुरू केलास तर खडी बाहेर सरकते आणि उतार मोडतो. पायाखाली खडी हलेनाशी झाली की बारीक कच तीन-चार वेळा, खराट्याने फटींत लोटून. मग पाणी मारून पुन्हा रोलर. मुरूम सगळ्यात शेवटी. कंत्राटदाराची माणसं तो आधीच ओततात. वरून छान सपाट दिसतं, पण दगडाला दगड भिडलेलाच नसतो; पहिल्या पावसात चिखल वर येतो. पाणीही बेतानंच, नाहीतर खालची माती मऊ होते. दगडाचा भुगा व्हायला लागला की रोलर थांबव. आणि ओढ्यातले गोटे आले तर गाडी परत पाठव.

डांबर लागतं ते टायरमुळे, आणि टायरही स्कॉटिशच. रॉबर्ट थॉमसनने हवेच्या टायरचं पेटंट 1845 मध्ये घेतलं, पण गिऱ्हाईक मिळालं नाही. जॉन डनलॉप हा बेलफास्टमधला गुरांचा डॉक्टर. त्याने 1888 मध्ये पुन्हा घेतलं, ते थॉमसनमुळेच पुढे रद्द झालं. लोखंडी धाव दगडाचा कच करून फटींत भरायची. वेगातला रबरी टायर तोच कच ओढून बाहेर उडवतो. मग खडी सुटते.

तेव्हा रस्ता फार दिवस उघडा ठेवू नकोस. प्राइम कोटच्या, म्हणजे डांबराच्या पहिल्या पातळ फवाऱ्याच्या, आधी वरची धूळ नीट झाडून घे, नाहीतर डांबर खडीऐवजी धुळीलाच चिकटतं आणि पापुद्रा निघतो.

तुझी,
आई