बुध सूर्याला सर्वांत जवळ, पण सर्वांत तप्त नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात माझ्या सहावीतल्या नातीने एका सामान्यज्ञान स्पर्धेची तपासलेली उत्तरपत्रिका घरी आणली. ‘सूर्यमालेतील सर्वांत उष्ण ग्रह कोणता?’ या प्रश्नापुढे तिने ‘शुक्र’ लिहिले होते. त्यावर लाल शाईने फुली मारून शेजारी ‘बुध’ असे लिहिलेले होते. प्रश्न केवळ एका गुणाचा असता, तर हे पत्र लिहिले नसते. परंतु विज्ञान शिकवण्यात उभी हयात गेल्यानंतर, हाच गैरसमज मार्गदर्शिकांत, भित्तिपत्रकांवर आणि बालपुरवण्यांतही पुन्हा पुन्हा भेटतो, याचे मनापासून वाईट वाटते.

बुधाचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर सुमारे ५ कोटी ७९ लाख किलोमीटर आहे आणि शुक्राचे जवळपास दुप्पट. तरीही शुक्राच्या पृष्ठभागावर सुमारे ४६५ अंश सेल्सिअस तापमान रात्रंदिवस टिकून असते, कारण त्याच्याभोवती कार्बन डायऑक्साइडची इतकी दाट गोधडी आहे की आत आलेली उष्णता सहजासहजी बाहेर पडत नाही. बुधाजवळ पांघरूणच नाही. सोडियम, ऑक्सिजन, हायड्रोजन, हेलियम यांचे विरळ अणू सोडले, तर त्याच्याभोवती वातावरण म्हणावे असे काही नाही. त्यामुळे भर दुपारी तेथील खडक ४३० अंशांपर्यंत तापतात आणि रात्री उणे १८० अंशांपर्यंत गार पडतात. एकाच खडकाने सहाशे अंशांचा फरक सोसावा, असे दुसऱ्या कोणत्याही ग्रहावर घडत नाही, आणि मुलांना सांगायची खरी गोष्ट ही आहे.

दुसरी चूक त्याहून जुनी आहे. बुधाची एकच बाजू कायम सूर्याकडे असते, असे माझ्या शाळकरी वयातील पुस्तकात छापलेले होते. त्याबद्दल मी कोणाला दोष देत नाही, कारण १९६५ पर्यंत शास्त्रज्ञांचाही तोच समज होता. त्या वर्षी पोर्तो रिको बेटावरील अरेसिबो वेधशाळेच्या रडारने बुधावरून परतलेल्या लहरी तपासल्या, तेव्हा तो सुमारे ५९ दिवसांत स्वतःभोवती फिरतो, असे आढळले. सूर्याभोवती त्याची फेरी ८८ दिवसांत होते. म्हणजे दोन प्रदक्षिणांत बरोबर तीन गिरक्या. यातून निघणारा हिशेब मुलांकडून फळ्यावर करून घ्यावा, इतका सुंदर आहे: बुधावर एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत पृथ्वीवरचे १७६ दिवस जातात, म्हणजे तिथला एक दिवस तिथल्या दोन वर्षांएवढा असतो. शिवाय कक्षा बरीच लंबगोल असल्याने, सूर्याच्या अगदी जवळून जाताना काही ठिकाणी सूर्य उगवतो, थबकतो, पुन्हा क्षितिजाखाली जातो आणि मग दुसऱ्यांदा उगवतो.

बुधाचा व्यास अवघा ४,८७९ किलोमीटर. घनता मात्र पृथ्वीच्या खालोखाल. याचे कारण त्याचा लोहयुक्त गाभा. सुमारे २,४४० किलोमीटर त्रिज्येपैकी जवळजवळ २,००० किलोमीटर हा गाभाच व्यापतो. वर्गात मी रायवळ आंब्याचे उदाहरण देत असे: कोय मोठी, गर नावापुरता. हा गाभा हळूहळू निवत गेला, तसा सारा ग्रह आकसला आणि त्याच्या कवचावर शेकडो किलोमीटर लांबीचे कडे उभे राहिले. बुधाची त्रिज्या आजवर सात किलोमीटरपर्यंत घटली असावी, असा अंदाज आहे.

सर्वांत नवल ध्रुवांजवळच्या विवरांचे आहे. बुधाचा अक्ष जवळजवळ मुळीच कललेला नसल्यामुळे या विवरांच्या तळाशी ऊन कधीही पोहोचत नाही. १९९१ साली रडारला तेथे लख्ख चमकणारे भाग दिसले, आणि २०११ ते २०१५ या काळात बुधाभोवती फिरलेल्या ‘मेसेंजर’ यानाच्या निरीक्षणांनी ते पाण्याचे बर्फ असल्याला बळकटी दिली. ज्या ग्रहाला आपण भट्टी समजतो, त्याच्यावर बर्फ आहे! (बुधावरील विवरांना व्यास, वाल्मीकी, कालिदास, तानसेन अशीही नावे आहेत, हे ऐकले की मागच्या बाकावरची मुलेही मान वर करत.)

९ मे २०१६ रोजी बुधाचे अधिक्रमण झाले, म्हणजे तो सूर्यबिंबासमोरून सरकत गेला, तेव्हा सुट्टी असूनही दहा-बारा मुले शाळेच्या गच्चीवर जमली होती. दुर्बिणीतून पांढऱ्या कागदावर पाडलेले सूर्यबिंब वीतभरही नव्हते आणि त्यावर बुधाचा काळा ठिपका खसखशीच्या दाण्याएवढा. एका मुलीने तो कचरा समजून बोटाने पुसून पाहिला. ठिपका कागदावर नव्हताच. तो तिच्या नखावर दिसू लागला. आता यापुढचे अधिक्रमण १३ नोव्हेंबर २०३२ रोजी आहे आणि तेही भारतातून दिसेल.

आपल्या बालपुरवणीत बुध आणि शुक्र यांच्या तापमानाविषयी एक स्पष्ट टिपण छापावे, ही विनंती. स्पर्धांच्या आयोजकांनीही उत्तरसूची छापण्यापूर्वी ती विज्ञानाच्या शिक्षकांकडून तपासून घ्यावी, आणि ज्या मुलांनी ‘शुक्र’ लिहिले त्यांना त्यांचा गुण परत द्यावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, रत्नागिरी