रक्तगट पाहून ताट वाढायचे?

हल्ली जिममध्ये वजन करण्याआधी रक्तगट विचारतात आणि आहाराचा तक्ता हातात ठेवतात. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही तो फिरतोय. ओ गटाने मटण खावे पण गहू टाळावा, ए गटाने शाकाहारी व्हावे, बी गटाला चिकन आणि शेंगदाणे वर्ज्य. म्हणजे बी गटवाल्यांनी पोह्यांतले दाणे वेचत बसायचे, आणि घरात तीन गट असतील तर तीन स्वयंपाक!

हे खूळ १९९६ मध्ये एका अमेरिकी निसर्गोपचारकाच्या पुस्तकाने पसरवले. टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये त्याची पडताळणी केली. यातल्या काही आहारांचा फायदा दिसला खरा, पण रक्तगट कोणताही असला तरी तो तसाच होता.

रक्तगटाचा आरोग्याशी संबंधच नाही, असे नव्हे. ओ सोडून इतर गटांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका थोडा जास्त असतो. पण रक्तगटाला खरी किंमत आहे ती रक्त चढवताना. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी याच शहरात 'बॉम्बे' रक्तगट शोधला. वरवरच्या तपासणीत तो ओ वाटतो. मात्र अशा रुग्णाला ओ रक्त दिले तर जिवावर बेतते, त्याला बॉम्बे गटाचेच रक्त लागते. जिमवाल्यांच्या तक्त्यात या गटाचे नावही नाही. रक्तदान शिबिरांत तरी त्याची माहिती देणारा एक मराठी फलक लावावा, एवढी आयोजकांना विनंती.

– एक वाचक, परळ, मुंबई