बटरफ्लायवाल्यांनी नक्की वाचा, मीटला (पोहण्याच्या स्पर्धेला) 9 दिवस राहिलेत

मंडळी, पुढच्या रविवारी नांदेडला मीट आहे आणि आपली 200 मीटर बटरफ्लायची पोरं अजून तिसऱ्या लॅपलाच कंबर खाली सोडायलीत, काल तर एकाचे हात पाण्याबाहेर येईनात आणि पाय कात्रीसारखे सुटले, मीटमध्ये असं झालं तर सरळ डिसक्वालिफाय.

म्हणून सोमवार ते गुरुवार सकाळी 5:45 ला टँकवर यायचं, बटरफ्लायची बॅच वेगळी.

- सलग 400 मीटर कुणीही मारायचं नाही. 25 मीटर असं 16 वेळा, मधे 20 सेकंद दम घ्या. स्ट्रोक बिघडला की तिथंच थांबा, चुकीचा स्ट्रोक एकदा अंगात बसला की लवकर निघत नाही.
- एका स्ट्रोकला दोन किक, पहिली हात पाण्यात जाताना, दुसरी हात बाहेर निघताना. दुसरी किकच सगळे विसरतात बघा! श्वास घेताना हनुवटी पाण्यालगत ठेवा.
- टर्न आणि फिनिशला दोन्ही हात भिंतीला एकदमच लागले पाहिजेत, आणि स्टार्ट-टर्ननंतर 15 मीटरच्या आत डोकं पाण्याबाहेर आलं पाहिजे.

शुक्रवारपासून अंतर निम्मं.

पालकांनो, पोरांना उपाशी पाठवू नका, एखादं केळं तरी द्या. आणि खांदा दुखत असंल तर लपवू नका रे, पाण्यात उतरायच्या आधीच सांगा.