आधी काजबटण, मग ॲप

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

"बाबा, ऑर्डरी आणि मालाचा हिशेब आपोआप ठेवणारं ते सॉफ्टवेअर घेऊ का?" असं तू परवा फोनवर विचारलंस, आणि उत्तर ऐकता ऐकता तिकडे दोन गिऱ्हाइकांना मेसेजही करत होतीस. म्हणून निवांत लिहितोय.

सॉफ्टवेअर जरूर घे, पण थोडं थांबून. गेल्या वेळी तुझ्या वर्कशॉपमध्ये बसलो होतो तेव्हा माझं लक्ष शिलाईपेक्षा खिडकीखालच्या गठ्ठ्यांवर जास्त होतं. जांभळ्या खणाचे कुर्ते शिवून तयार, इस्त्रीही झालेली, चिंधीनं बांधून ठेवलेले. अडलं होतं कुठे, तर काजबटणाला. ते काम तू बाहेर देतेस आणि तो माणूस आठवड्यातून एकदा येतो. त्यात नेमकी जांभळी बटणं संपलेली. कटिंग मास्तरांनी कापलं फटाफट, रनिंग म्हणजे सरळ शिलाई झाली, कडांचं ओव्हरलॉक झालं आणि मग माल आठवडाभर नुसता पडून राहिला. आता ऑर्डर आपोआप घेणारं यंत्र बसवलंस तर काय होईल? ऑर्डरी झपाट्यानं येतील आणि त्याच खिडकीखाली साठतील. गिऱ्हाईक मात्र "कधी मिळणार?" म्हणून दुप्पट विचारेल. तुझा निम्मा वेळ त्याच प्रश्नाला उत्तरं देण्यात जातो, हे तुझ्या लक्षात आलंय का?

सोलापुरात गणवेशाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळताना एक गोष्ट पक्की कळली. कपडा मशीनवर असतो थोडा वेळ, बाकी सगळा वेळ तो कशाची तरी वाट बघत असतो. तेव्हा प्रत्येक गठ्ठ्याला एक चिठ्ठी लाव. कापला कधी, शिलाईला गेला कधी, काजबटणाला कधी, परत आला कधी, एवढ्याच तारखा. महिनाभर चिठ्ठ्या साठव. सगळ्यात लांब गॅप जिथे दिसेल तिथे पहिला खर्च कर. माझा अंदाज, काजाचं सेकंडहँड मशीन घेणं तुला ॲपच्या वर्षभराच्या भाड्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

बटणं, हुक, झिप, बकरम, लेबलं यांच्यासाठी कॉम्प्युटरची गरजच नाही. प्रत्येक वस्तूचे दोन डबे ठेव. पहिला रिकामा झाला की दुसरा उघडायचा आणि पहिल्यातली वस्तूच्या नावाची चिठ्ठी तुझ्या टेबलावर यायची. ती चिठ्ठी म्हणजेच खरेदीची यादी. दुसऱ्या डब्यात नवा माल येईपर्यंत पुरेल एवढं असलं पाहिजे, बस. हे ऑटोमेशनच आहे गं, फक्त त्याला चार्जर लागत नाही.

तयार मालाचं मात्र वेगळं आहे, तिथे कॉम्प्युटर हवाच. एकच जांभळा अडतीस साइझचा कुर्ता तू इन्स्टाग्रामवर, वेबसाइटवर आणि प्रदर्शनात अशा तीन ठिकाणी विकतेस आणि तिघी जणी पैसे भरून मोकळ्या होतात. आधी प्रत्येक मालाला एकच नाव ठरव: कापड, प्रकार, रंग, माप, याच क्रमानं. आज "जांभळा", उद्या "वांगी" असं चालणार नाही. मग स्टोअरमध्ये प्रत्येक वस्तूचं बिन कार्ड, म्हणजे आवक-जावकीचं कार्ड, असतं तशी शीट कर: तारीख, आवक, जावक, शिल्लक. शिल्लक हातानं कधी खोडायची नाही. जे घडलं त्याची नवी ओळ लिहायची, बेरीज-वजाबाकी शीट करेल. प्रदर्शनाला नेलेला माल म्हणजे विक्री नव्हे, नुसती जागा बदलली, तेव्हा त्याची ओळही तशीच पडली पाहिजे. महिनाभर ही शीट बिनचूक चालली की मग सॉफ्टवेअर. त्याच्यात चुकीची शिल्लक भरलीस तर ते तिन्ही ठिकाणी चुकीचीच दाखवणार, तेही आपोआप.

माल पुन्हा कधी भरायचा याचं गणित सोपं आहे. आठवड्याला सहा कुर्ते जातात आणि कर्नाटकातल्या गुळेदगुड्डहून खण येऊन शिवून व्हायला तीन आठवडे लागतात, तर अठरा आणि वर सांभाळून सहा. शिल्लक चोवीसवर आली की शीटनं तो चौकोन लाल करावा. पण इथेच तुझं डोकं लागतं. संक्रांतीच्या आधी काळा रंग धडाधड खपतो. यंत्र ते बघून फेब्रुवारीतही काळाच भरायला सांगेल, कारण संक्रांत त्याच्या गावी नाही. नवरात्राच्या नऊ रंगांचं तसंच. यादी आधीच फिरायला लागते, आणि हिरवा ज्या दिवशी नेसायचा त्याच्या दुसऱ्या दिवशी पोचला तर बाई परत पाठवणार. म्हणून विक्रीच्या शीटमध्ये "कारण" असा एक रकाना ठेव आणि तो स्वतः भर. संक्रांत, डोहाळजेवण, पाडवा, लग्न, काहीही. दोन वर्षांनी तो रकाना कुठल्याही विकत घेतलेल्या अहवालापेक्षा भारी असेल.

करांचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यावर नगाला २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के जीएसटी आहे आणि त्याच्या वर १८ टक्के. तुझे खणाचे ड्रेस नेमके या रेषेवर बसतात. दर ठरतो तो विक्रीच्या किमतीवर, टॅगवरच्या नाही. टॅग २७०० चा आणि सूट देऊन २४०० ला विकलास तर ५ टक्के. बिलाचं सॉफ्टवेअर सूट वजा झाल्यावर दर लावतं की आधी, हे घेण्यापूर्वी तपासून बघ. विकायला आलेला पोरगा "हो मॅडम, सगळं होतं" म्हणेल, तेव्हा त्याच्यासमोर हेच बिल करून बघ.

मेसेजचं काम मात्र उद्याच कर, त्यासाठी थांबायला नको. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये ठरलेली उत्तरं साठवता येतात. माप कसं घ्यायचं, धुवायचं कसं, बदलून मिळेल का, कुरियर किती दिवसांत, हे एकदा नीट लिहून ठेव. कॅश ऑन डिलिव्हरीवाल्यांना माल निघण्याआधी "पाठवू ना?" एवढा मेसेज आपोआप जाऊ दे; घेणारा "हो" म्हणतो, नुसती हौस करणारा गप्प बसतो आणि तुझं जाण्यायेण्याचं भाडं वाचतं. पण परत आलेल्या मालाचं कारण तूच विचार, फोन करून. "छाती घट्ट" हे तीनदा आलं तर पॅटर्न सुधारायचा असतो, मेसेज नव्हे. आणि लग्नाच्या घरून कोणी ब्लाउजच्या बाह्यांबद्दल विचारलं तर तिथे तयार उत्तर चिकटवू नकोस. आई म्हणते, अशाच एका फोनवर तुला पाच जावांची ऑर्डर मिळाली होती.

राहिले मास्तर आणि शिलाईच्या मावशी. त्यांच्या हातात फोन देऊन प्रत्येक नगाला स्कॅन करायला लावायचा तुझा बेत मला पटलेला नाही. नगावर पैसे मिळणाऱ्या माणसाचा वेळ म्हणजे त्याचा पगार, त्यातून स्कॅनिंगची मिनिटं कापायची कशी? कारखान्यात प्रत्येक गठ्ठ्याला बंडल तिकीट आणि त्याला प्रत्येक कामाची कुपनं असायची. काम झालं की आपलं कुपन फाडायचं आणि वहीत चिकटवायचं. आठवड्याच्या शेवटी वहीचा फोटो काढ आणि आकडे तू भर. पगाराच्या वेळी वाद झाला तर कुपन दोघांच्याही समोर असतं.

नवं सॉफ्टवेअर पितृपक्षात चालू करू नकोस. तेव्हा ऑर्डरी कमी असतात म्हणून तुला वाटेल की हीच वेळ, पण नवरात्राचं शिवण तेव्हाच जोरात असतं. आषाढ बरा, लग्नंही नसतात. मी येतो, सगळा माल एकदा मोजून काढू. त्या दोन दिवसांत विक्री बंद राहील असं वेबसाइटवर आधीच टाक, नाहीतर आपण मोजत असताना माल निघून जाईल आणि आकडा काही केल्या जुळणार नाही.

तुझे,
बाबा